टर्बो गाडीचं एअर इनटेक किट: विकत घ्यावं की वागळे इस्टेटमध्ये बनवून घ्यावं?

कोलशेत_टर्बो

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, १.० टीएसआय, मॅन्युअल. ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर, शोरूममधून आली तशीच आहे. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) नाही, सायलेन्सरला हात लावलेला नाही. रोजची धाव कोलशेत ते महापे: कापूरबावडी, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. अधूनमधून लोणावळा.

इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोहोचवणारा फिल्टर-पाइपचा भाग, बदलायचं मनात आहे आणि माझ्यापुढे तीन वाटा दिसतात. बाहेरून येणारं तयार किट घ्यायचं, म्हणजे अॅल्युमिनियमचा पाइप, कोन फिल्टर आणि उष्णता अडवणारा पत्रा. नाहीतर ठाण्यातल्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत कुणाकडून पाइप वळवून घ्यायचा, फिल्टर वेगळा आणायचा. किंवा कंपनीचा बॉक्स तसाच ठेवून आत फक्त धुऊन वापरायचा पॅनल फिल्टर टाकायचा. पिकअपमध्ये खरोखर किती फरक पडतो? घोडबंदर रोडच्या धुळीत आणि आपल्या पावसात यातलं काय टिकतं? टर्बोचा आवाज थोडा ऐकू यावा ही इच्छाही आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पामबीच_पहाटे

माझ्या आय-ट्वेंटी एन लाइनवर ओपन कोन आहे, सानपाड्याच्या एका गॅरेजात बसवला. आवाजासाठीच घेतला होता आणि त्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. टर्बो भरायला लागला की बारीक शिट्टी, पाय उचलला की हवा सुटल्याचा आवाज, काचा खाली असतील तर मजा येते. तिसऱ्या गिअरला ओढही वाढल्यासारखी वाटते. मोजलेली नाही, जाणवतं ते सांगतोय.

सिग्नलवर बराच वेळ थांबलं की मात्र सुटताना गाडी जड वाटते. हे पूर्वी नव्हतं. कुणाला कारण माहीत असेल तर सांगा.

रबाळे_निवृत्त

माझी सगळी नोकरी रबाळे एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसर सांभाळण्यात गेली. गाडीतला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं चाक, हाही सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरच, फक्त लहान आणि फार वेगात फिरणारा. तेव्हा सक्शनच्या बाजूबद्दल थोडं लांबण लावून लिहितो.

हवेची वाट अशी असते: पुढच्या जाळीजवळचं तोंड, फिल्टरचा बॉक्स, फिल्टर, तिथून टर्बोपर्यंतचा पाइप, टर्बो, मग इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) आणि मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटणारा). इनटेक किट या वाटेचा टर्बोच्या आधीचा तुकडा बदलतं. त्या तुकड्यात दाब वाढवणारं काहीच नसतं. तिथे फक्त दाब हरवतो. किती हरवतो, एवढाच हिशोब.

ठाण्यात आपण समुद्रसपाटीला आहोत, बाहेरचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. उदाहरणापुरतं धरू की मॅनिफोल्डला २०० पाहिजेत. सक्शन अगदी मोकळं असेल तर टर्बोला १.९८ पट दाबायचं आहे. फिल्टर आणि पाइपमध्ये ३ किलोपास्कल हरवले तर ९८ वरून २००, म्हणजे २.०४ पट. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डचा दाब सतत बघत असतो. कमी पडला की तो वेस्टगेट (टर्बोला चुकवून धूर सोडणारी झडप) आणखी मिटतो, टर्बोचं चाक थोडं जास्त फिरतं आणि २०० भरतात. तुमच्या पायाला फरक कळत नाही. म्हणून मूळ मॅपवर, म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर, चालणाऱ्या गाडीत इनटेक मोकळं केल्याने ताकद फारशी वाढत नाही. टर्बोचे कष्ट थोडे कमी होतात, एवढंच. टर्बो आपल्या कमाल वेगाला टेकलेला असेल, म्हणजे रिमॅप करून वरच्या आरपीएमला ताणलेला, तेव्हा मात्र वेस्टगेट मिटायला जागा उरत नाही आणि हे हरवलेले ३ किलोपास्कल थेट ताकदीतून वजा होतात.

तुम्ही लोणावळ्याला जाता म्हणून सांगतो. लोणावळा ६२० मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल. बोरघाट चढताना तुमची गाडी ७ किलोपास्कल गमावते. जगातलं सर्वोत्तम किट परत देऊ शकेल त्याच्या दुपटीहून ही रक्कम मोठी आहे. तरी घाटमाथ्यावर गाडी मरगळलेली वाटते का? टर्बो ते भरून काढतो. यावरून ३ किलोपास्कलची किंमत तोला.

आता उष्णता. पामबीच, तुमच्या जड गाडीचं उत्तर इथे आहे. बाहेर ३३° सेल्सिअस असताना उभ्या गाडीच्या बोनेटखाली ६०° सहज होतं. तेवढ्यानेच हवेची घनता ८ टक्क्यांनी उतरते. अडथळा काढून मिळाले फार तर २-३ टक्के, गरम हवा ओढून घालवले ८. शिवाय टर्बो या उष्णतेला गुणतो. दुप्पट दाब आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३०° ची हवा दाबून साधारण १२५° ची होते आणि ५०° ची हवा १५० च्याही पुढे जाते. आत २० अंश जास्त गेले, बाहेर २६ जास्त आले. इंटरकूलर बराच भाग उतरवतो, पण उभ्या गाडीत तोही तापलेला असतो. मॅनिफोल्डची हवा गरम झाली की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो, म्हणजे ताकद कमी. सिग्नलवरून सुटताना जाणवणारा जडपणा तो हाच. तुमच्या कोनला चारी बाजूंनी बंद पेटी करा आणि तिला पुढच्या जाळीतून थंड हवा द्या. आवाज थोडा कमी होईल, गाडी परत हलकी होईल.

कोलशेत, खर्च करण्याआधी मोजा. बांधकामावर लेव्हल काढायची पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, अर्धी पाण्याने भरा, पाण्यात थोडा रंग टाका. एक टोक उघडं ठेवा, दुसरं इनटेकला पाडलेल्या छिद्राला लावा. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा: १० सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. दोन्ही दांड्या मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी ओढलं जाऊन टर्बोत जाईल. पूर्ण थ्रॉटलचा आकडा पाहिजे, म्हणून हे डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवणाऱ्या मोजणीच्या यंत्रावर) करा आणि मोबाइलने नळीचं चित्रण करा. रस्त्यावर हा प्रयोग नको.

तीन जागी मोजा: फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या लगेच नंतर, टर्बोच्या तोंडाशी. अडथळा कुठल्या तुकड्यात आहे ते तिथल्या तिथे कळेल. मग ज्याचा दोष त्यालाच हात लावा.

डिझेल_खारघर

काका, माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. ज्यांच्या गाडीत फिल्टरनंतर एमएएफ (हवा मोजणारा) सेन्सर आहे त्यांनी पाइपचा व्यास मनाने बदलू नये. माझ्या १.३ डिझेल स्विफ्टमध्ये तो आहे. तो सेन्सर एका ठराविक व्यासाच्या नळीत हवेचा वेग बघून एकूण हवा ठरवतो. ६३ मिमीच्या जागी ७० मिमीची नळी घातली तर तेवढ्याच हवेला वेग कमी पडतो आणि सेन्सर जवळजवळ १९ टक्के कमी हवा सांगतो. पेट्रोल गाडीत त्यामुळे मिश्रण पातळ होतं, ईसीयू आपल्या मर्यादेपर्यंत दुरुस्ती करतो आणि मग पी०१७१ चा कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो. डिझेलमध्ये हवा कमी दिसली की ईसीयू धूर टाळायला डिझेलच कमी सोडतो, म्हणजे पैसे खर्च करून पिकअप कमी. सेन्सरची मूळ नळी, तिची जाळी आणि बेंडपासूनचं तिचं अंतर तसंच ठेवावं.

तेल लावायच्या कापडी फिल्टरचाही इथे संबंध आहे. धुतल्यावर हात सैल सोडून तेल ओतलं की ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. कोरडा फिल्टर असला की ही चिंताच नाही.

कोलशेत_टर्बो

@डिझेल_खारघर, माझ्या गाडीत मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा हिशोब होतो, एमएएफ नाही. तरी हे इथे लिहिलंत ते बरं झालं, बाकीच्यांना उपयोग होईल.

काका, नळी आणतो. पाइपचा व्यास किती घ्यावा याचाही हिशोब सांगाल का? तयार किटमध्ये ७६ मिमीचा पाइप असतो आणि मूळचा बराच लहान दिसतो.

रबाळे_निवृत्त

११५ पीएसच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात मिनिटाला पाच-सव्वापाच किलो हवा लागते. ६० मिमीच्या पाइपातून ती सेकंदाला २६ मीटरच्या आसपास वाहते, ७६ मिमीमधून साडेसोळाच्या. २६ मीटरला हवेचा गतिज दाब पाण्याच्या ४ सेंटीमीटरएवढा. सरळ पाइपात याचा अगदी थोडा अंश हरवतो. हरवतो तो तीव्र बेंडमध्ये, अचानक रुंद-अरुंद होणाऱ्या जागी आणि पाइपाच्या तोंडाशी. नुसता कापलेला पाइप बॉक्समध्ये सोडला तर त्याच्या धारदार कडेवर गतिज दाबाच्या अर्ध्याहून जास्त दाब वाया जातो. तेच तोंड कर्ण्यासारखं बाहेर वळवलं की जवळजवळ सगळं वाचतं. व्यासापेक्षा या तोंडाकडे आणि टर्बोला भिडणाऱ्या शेवटच्या उतरत्या तुकड्याकडे लक्ष द्या. ७६ मिमीवरून टर्बोच्या तोंडापर्यंत एका इंचात उतरलात तर मोठ्या पाइपाचा सगळा फायदा गेला.

आर्गनवाला_वागळे

माझं फॅब्रिकेशनचं काम वागळेतच आहे. गाड्यांचे पाइप करून देतो, त्यामुळे या धाग्यावर लिहायला हवंच. इथे गिऱ्हाईक मिळवायला आलेलो नाही. बनवून घेताना काय बघायचं ते सांगतो, मग कुणाकडूनही घ्या.

सगळ्यात आधी पाइप वळवतात कसा ते विचारा. मँड्रेलवर (पाइपात आधाराचा दांडा घालून) वळवलेले तयार बेंड मिळतात, ते कापून जोडणं सर्वात चांगलं. काही ठिकाणी पाइपात वाळू ठासून, गरम करून वळवतात, म्हणजे पाइप चेपत नाही. बेंड सुरेख येतो. पण ती वाळू आत चिकटून राहते, आणि हा पाइप फिल्टरच्या नंतरचा आहे. त्याच्या आणि टर्बोच्या मध्ये काहीही नाही. लहान टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातं. त्यात वाळूचा कण गेला तर पात्यांच्या कडा खाल्ल्या जातात, उरलेला सिलेंडरच्या भिंती खरवडतो. माझ्याकडे पाइप तयार झाला की आतून ब्रश फिरवून साबणाच्या गरम पाण्याने धुतो, पांढरं फडकं ओढून काढतो, आणि फडकं पांढरंच निघेपर्यंत तो पाइप गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बफिंगचा मेण आतल्या कडेला साचतो, तोही बघा.

धातू अॅल्युमिनियम घ्या. हलका, गंजत नाही, आर्गन वेल्डिंग स्वच्छ येतं. स्टेनलेस चकाकतं म्हणून मागतात. त्याला वेल्डिंग करताना आतूनही आर्गन सोडावा लागतो. तो खर्च वाचवला तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी खरखरीत खपली धरते आणि ती कालांतराने सुटते. सुटली की जाते कुठे, ते वर लिहिलंच आहे. म्हणून सांधा आतून बघायला मागा. कारागीर दाखवायला तयार नसेल तर काम देऊ नका.

इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. तीन सिलेंडरचं इंजिन तर जास्तच हलतं. बॉक्स बॉडीला आणि टर्बो इंजिनाला, या दोघांना अख्ख्या कडक पाइपाने जोडलं तर ब्रॅकेट तुटतो किंवा सांध्याला चीर जाते. मध्ये सिलिकॉनचा जोड पाहिजे, थोडा घडीचा असेल तर उत्तम. तो जाड, आत कापडाचे थर असलेला घ्या. सक्शनच्या बाजूला पातळ होज पूर्ण जोरात आत चेपतो आणि बोनेट उघडून बघेपर्यंत पुन्हा गोल झालेला असतो, त्यामुळे दोष सापडत नाही. पाइपाच्या टोकाला उठाव काढून घ्या म्हणजे होज सरकणार नाही. क्लिप रुंद पट्टीची, कडा वळलेली. धारदार कडेची साधी होज क्लिप सिलिकॉन कापते.

पीव्हीसीचा पाइप आणि एल्बो जोडून इनटेक केलेले मी पाहिले आहेत. बोनेटखाली ते मऊ पडतात. थ्रीडी प्रिंट करून आणतात त्यांनाही हेच सांगतो: पीएलए हे प्रिंटिंगचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास वाकायला लागतं, दुपारी मॉलच्या उघड्या पार्किंगमध्येच ते होईल. कंपन्या या भागांना काच-तंतू मिसळलेलं नायलॉन वापरतात ते उगाच नाही.

आणि ब्रीदर. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, तेलाची वाफ घेऊन येणारी नळी फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी पाइपला जोडलेली असते. नव्या पाइपला तिच्यासाठी त्याच मापाची नळी वेल्ड करून घ्या. ती हवेत सोडून तोंडाला छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. त्याने केबिनमध्ये तेलाचा वास येतो आणि इंजिनवर तेलाचा थर बसतो. ती मी करून देत नाही.

पामबीच_पहाटे

दादा, माझ्या पाइपच्या आत तेलाचा पातळ थर दिसला होता, टर्बो गेला की काय असं वाटलं. तो या ब्रीदरचाच का?

आर्गनवाला_वागळे

हो. बोटाला लागेल एवढा पातळ थर ब्रीदरचा, चालतो. पाइपाच्या तळाला तेल साचत असेल किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर टर्बोचं चाक हाताने हलवून बघावं लागेल. किंचित बाजूची हालचाल असते, पण पातं घराला घासता कामा नये.

नौपाडा_पागोळी

पावसाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी नौपाड्यात राहते. वंदना टॉकीजजवळ आणि चिखलवाडीत दर पावसाळ्यात पाणी भरतं हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. थंड हवा मिळावी म्हणून काही किटमध्ये कोन खाली बंपरच्या मागे, फॉगलॅम्पच्या पातळीला नेतात. उन्हाळ्यात उत्तम. आपल्याकडे पावसात ती जागा पाण्याखाली असते. पुढून बस गेली की तिची लाट बंपरवर चढते.

पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये शिरलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या नात्यातल्या एका गाडीचं इंजिन असं गेलं. पाण्यात गाडी बंद पडली, घाबरून पुन्हा स्टार्टर मारला आणि तिथेच खेळ संपला. साध्या सर्वंकष विम्यात हे बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्शन’ची वेगळी जोड घ्यावी लागते. इनटेक बदललं असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर बोनेट उघडतो तेव्हा पहिली नजर त्या चमकणाऱ्या पाइपवर जाते.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. ढकला, टो करा, फिल्टर काढून बघा. ओला असेल तर गॅरेजातच पुढचं.

कंपनीच्या बॉक्सच्या तळाला पाणी निथळायचं एक छिद्र असतं. धुळीने ते बुजतं. मे महिन्यात काडी घालून मोकळं करून घ्या, हे काम फुकट होतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर एअर फिल्टरचा उल्लेख नसतो हे खरं. ब्रीदर हवेत सोडणं मात्र सरळ उत्सर्जनाच्या नियमांविरुद्ध जातं, बीएस-६ गाडीत तर नक्कीच. नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर टर्बोच्या तक्रारीत ते इनटेककडे बोट दाखवतील, हेही धरून चाला.

डिझेल_खारघर

ताई, अगदी नेमकं. धुळीचं मी जोडतो. घोडबंदरला मेट्रो ४ चं काम, इकडे तळोज्याकडे जाणारे डंपर. या धुळीत वाळूच असते. फिल्टर निवडताना हवा किती सोडतो याच्याबरोबर धूळ किती अडवतो तेही विचारा. आयएसओ ५०११ ही त्याची चाचणी. ज्या कंपन्या त्या चाचणीचे आकडे देतात त्यांचाच फिल्टर मी घेईन. कागदाचा फिल्टर या बाबतीत फार चांगला असतो.

गॅरेजात सर्व्हिसिंगला कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून तोच परत बसवतात. जवळून जोरात मारलेल्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात. अंधारात आतून टॉर्च लावून बघा, ठिपके दिसले तर फिल्टर फेकून द्या. आणि कुठलाही फिल्टर असो, त्याच्या मागच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर किंवा त्याच्या कडेचं रबर हवा चोरतंय.

कोलशेत_टर्बो

मोजून आलो. आधी आभार, या धाग्याशिवाय मी थेट किट मागवलं असतं.

माझ्या बॉक्सला छिद्र पाडायचं नव्हतं, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच मॉडेलचा जुना बॉक्स आणला आणि टर्बोकडचा पाइपही. बाहेर काढूनच छिद्रं पाडली, कीस धुऊन काढला, रबरी ग्रोमेट बसवून नळ्या जोडल्या. डायनो असलेल्या एका गॅरेजात पूर्ण थ्रॉटलला, ५,००० आरपीएमच्या पुढे नोंदी घेतल्या. आकडे पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये आहेत, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे धरा.

माझा चालू फिल्टर, जो बघून कुणीही ‘अजून चालेल’ म्हणालं असतं: फिल्टरच्या आधी ७, फिल्टरनंतर २१, टर्बोच्या तोंडाशी २७.

कंपनीचा नवा कागदी फिल्टर: ७, १२ आणि १८.

म्हणजे मळलेला फिल्टर एकटा १४ खात होता, नवा ५ खातो. काही शे रुपयांत ९ सेंटीमीटर परत मिळाले. उरलेले १८ म्हणजे १.८ किलोपास्कलही नाहीत. उद्या कुठल्याही किटने हवेचा सगळा अडथळा शून्यावर आणला, जे शक्यच नाही, तरी माझ्या हातात दोन टक्क्यांहून कमी येणार. बोरघाटातले सात किलोपास्कल डोळ्यांसमोर ठेवले आणि तयार किटचा विचार सोडला.

ओबीडीचं (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉकेटचं) डोंगल लावून तापमानही बघतोय. कळव्याच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत मॅनिफोल्डची हवा बाहेरच्यापेक्षा बरीच वर चढते आणि विटाव्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की उतरते. मूळ बॉक्स असूनही. तोंडाजवळचं रबर एका ठिकाणी निघालेलं होतं आणि तिथून रेडिएटरमागची गरम हवा आत येत होती. ते बदलून घेतलं.

काका, हे आकडे बघून तोंडाच्या ७ सेंटीमीटरला हात लावण्यात अर्थ आहे का?

रबाळे_निवृत्त

शाब्बास. नोंदी अगदी सुबक आहेत.

मूळ मॅपवर ते ७ तसेच राहू द्या. तोंड मोठं केलं तर दोन-तीन सेंटीमीटर वाचतील आणि पावसाचं पाणी जास्त येईल. कंपनीने तिथे वळण ठेवलंय ते पाणी आणि कचरा खाली पडावा म्हणून.

पुढे कधी रिमॅप केलात तर चित्र बदलेल. अडथळा साधारण हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो. तीस टक्के जास्त हवा ओढली तर आजचे १८ तिशीला जातील, आणि तेव्हा टर्बोला वेस्टगेटची मोकळीकही कमी असेल. त्या वेळी याच फळीवर पुन्हा मोजा. मग आर्गनवाल्या दादांकडून फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा, ६ सेंटीमीटर दाब खाणारा पाइप नवा करून घ्यायचा आणि मूळ बॉक्स ठेवायचा, असा माझा सल्ला राहील. मूळ बॉक्समधल्या घडीच्या फिल्टरचा पसारा कोनपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो, आणि बॉक्स बंद आहे, थंड हवा घेतो, पाणी निथळतो. हे सगळं पुन्हा बनवायला पैसे का घालायचे?

पामबीच_पहाटे

मी पण सांगून टाकतो. कोनभोवती पत्र्याची पेटी करून घेतली, वर बोनेटला टेकेल असं रबराचं बीडिंग, आणि जाळीतून आत येणारी नळी. आता सानपाड्याच्या सिग्नलवरून सुटताना पूर्वीचा जडपणा नाही. टर्बोचा आवाज कमी झाला, पण पाय उचलल्यावरचा आवाज आहे तसाच आहे. मला तो हवाच होता आणि तो ठेवून गाडी बरी चालतेय.

पावसाळ्यात मूळ बॉक्स परत बसवणार. ताईंचं वाचल्यावर तो माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय.

आर्गनवाला_वागळे

पामबीच, पेटीला खाली दोन छिद्रं पाडा, ५-६ मिमीची. बंद पेटीत वरून आलेलं पाणी साचलं तर कोन त्यात बुडेल. आणि पत्रा रिव्हेटने जोडला असेल तर रिव्हेटची शेपटं आत कोनकडे आलेली नाहीत ना, ते बघा.

कोलशेत_टर्बो

एक शेवटचं विचारतो. मोजणीच्या बॉक्सला पाडलेली छिद्रं बुजवून तोच बॉक्स सुटा ठेवावा म्हणतो, पुढच्या मोजणीसाठी. ग्रोमेटमध्ये बंद बूच मारलं तर चालेल का, की एपॉक्सी लावू?

आर्गनवाला_वागळे

फिल्टरच्या आधीच्या छिद्राला बूच चालेल. फिल्टरनंतरच्या दोन्ही छिद्रांना बूच नको, सक्शनने ते आत ओढलं जाऊन टर्बोच्या चाकावर जाईल. तिथे बाहेरून मोठ्या डोक्याचा स्क्रू, खाली रबरी वॉशर आणि आतून नायलॉक नट. नट सुटू नये म्हणून त्याच्यावर वळणारी पट्टी लावता आली तर लावा. आणि तो बॉक्स फक्त मोजणीलाच वापरा, रोजच्या गाडीला तुमचा अखंड बॉक्सच राहू दे.